मेंदूच्या गाठीचा पर्फ्युजन एमआरआय: चिठ्ठीपासून सीडीपर्यंत

डॉक्टर तोंडी सांगतात, "या वेळी पर्फ्युजनसकट करून आणा." चिठ्ठीवर मात्र घाईघाईत "एमआरआय ब्रेन, कॉन्ट्रास्ट" एवढंच उतरतं. सेंटर चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करतं. फिल्म हातात येते आणि पुढच्या ओपीडीत कळतं, की ज्यासाठी स्कॅन करायचा होता तीच गोष्ट, म्हणजे गाठीतल्या रक्तप्रवाहाची मोजणी (पर्फ्युजन), त्यात नाही. इंदूरमध्ये हे नेहमी घडतं. खरगोन, बडवानी, धारहून पहाटेची बस धरून आलेल्यांच्या बाबतीत घडतं आणि राजेंद्रनगर, लोकमान्यनगरहून रिक्षानं येणाऱ्यांच्याही बाबतीत.

मी एमआरआयच्या कन्सोलवर बसणारा माणूस. निदान रेडिओलॉजिस्ट करतात. उपचार न्यूरोसर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ ठरवतात. मी लिहितोय ते मधल्या प्रक्रियेबद्दल. रुग्णाच्या घरच्यांसाठी लिहितोय, पण या कामात नव्यानं आलेल्या टेक्निशियन मुलामुलींनी पाचवा आणि सहावा टप्पा जरूर वाचावा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी धावपळ तिच्यामुळे आहे. नेहमीच्या कॉन्ट्रास्ट स्कॅनमध्ये शिरेतून औषध दिल्यावर काही मिनिटांनी चित्रं काढतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा जिथे फाटला असेल तिथे औषध पाझरतं आणि ती जागा पांढरी उजळते. अडचण अशी, की पुन्हा वाढू लागलेली गाठही उजळते आणि रेडिएशननं इजा झालेला भागही उजळतो. पर्फ्युजन वेगळा प्रश्न विचारतं: त्या जागी बारीक रक्तवाहिन्या किती आहेत, त्यांतून रक्त किती जातंय? जोमानं वाढणारी गाठ नव्या वाहिन्यांचं जाळं विणते. मेलेल्या भागात तसं जाळं नसतं. सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ही मोजणी औषधाचा लोट मेंदूतून पहिल्यांदा जातो तेव्हाच होते, आणि तो लोट दहा-बारा सेकंदांत निघून जातो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, राजवाड्यावरून निघून गेल्यावर चौकात पोचलात तर रस्त्यावर सांडलेला रंग दिसेल. किती माणसं कुठल्या वेगानं गेली ते कळणार नाही. साधा कॉन्ट्रास्ट स्कॅन म्हणजे तो सांडलेला रंग. पर्फ्युजनसाठी गेर येण्याआधी चौकात उभं राहावं लागतं.

## टप्पा १: चिठ्ठीत पद्धतीचं नाव हवं

"पर्फ्युजन" एवढं लिहून भागत नाही. एमआरआयवर रक्तप्रवाह मोजायच्या तीन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी सर्रास चालत नाहीत.

डीएससी. गाठींसाठी सगळ्यांत जास्त वापरली जाते. औषध वेगानं सोडायचं आणि दर सेकंद-दीड सेकंदाला सगळ्या मेंदूची चित्रं घेत राहायची. औषध वाहिन्यांतून जाताना सिग्नल खाली पडतो आणि पुन्हा वर येतो. खड्डा जितका खोल आणि रुंद, तितकं तिथे रक्त जास्त. त्यातून सीबीव्ही हा आकडा निघतो, म्हणजे त्या भागातल्या रक्ताचं आकारमान. स्कॅन साधारण दोन मिनिटांचा. दोष असा, की साकळलेलं रक्त, धातू, हवा किंवा हाड जवळ असेल तर चित्र वाकडंतिकडं होतं. कपाळामागच्या सायनसजवळची, कानाच्या हाडालगतची किंवा कवटीच्या तळाशी असलेली गाठ डीएससीवर कित्येकदा नीट दिसतच नाही.

डीसीई. यात औषध वाहिन्यांच्या भिंतींतून किती पाझरतंय ते मोजतात. मुख्य आकडा केट्रान्स. पाच-सहा मिनिटं लागतात. कवटीच्या तळाशी आणि जुन्या रक्तस्रावाच्या शेजारी ही पद्धत जास्त भरवशाची.

एएसएल. यात औषध लागतच नाही. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी खूण करतात, ते मेंदूत पोचेपर्यंत साधारण दोन सेकंद थांबतात आणि मग चित्र घेतात. चार-पाच मिनिटांचं काम. किडनी खराब असेल, बाई गरोदर असेल, लहान मूल असेल, शिरा सापडत नसतील, तर याचा मोठा आधार. सिग्नल मात्र नाजूक असतो; रुग्ण थोडा जरी हलला तरी चित्र बिघडतं.

यांतली कोणती करायची ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही एवढंच करा: ओपीडीतून उठण्याआधी चिठ्ठीवर पद्धतीचं नाव आणि कारण लिहून घ्या. "एमआरआय ब्रेन, कॉन्ट्रास्ट, डीएससी पर्फ्युजनसह. ग्लायोब्लास्टोमा, रेडिएशन अमुक महिन्यात संपलं. गाठ परतली की रेडिएशनचा परिणाम?" (ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची वेगानं वाढणारी घातक गाठ.) एवढ्या ओळी असल्या की कन्सोलवर काय करायचं ते आम्हाला कळतं आणि कशाचं उत्तर द्यायचं ते रेडिओलॉजिस्टला.

मग सेंटरला फोन करा. "परफ्यूजन होता है क्या?" असं विचारलंत तर "हाँ जी, हो जाएगा" हे उत्तर कुठेही मिळतं. त्यापेक्षा असं विचारा: औषध प्रेशर इंजेक्टरनं (ठरावीक वेगानं औषध ढकलणारं यंत्र) देता की हातानं? मशीन १.५ टेस्लाचं आहे की ३ चं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद)? पर्फ्युजनचे रंगीत नकाशे आणि आकडे रिपोर्टमध्ये येतात का? सीडीत पर्फ्युजनची मूळ मालिका, म्हणजे एकामागून एक घेतलेली सगळी चित्रं, देता का? पलीकडचा माणूस अडखळला तर "टेक्निशियनशी बोलणं करून द्या" म्हणा. संकोच करू नका, हे फोन आम्हाला आवडतात.

तपासा: स्कॅन आयुष्मान कार्डावर किंवा विम्यावर होणार असेल, तर मंजुरीच्या कागदावर आणि चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली आहे ना, ते आदल्या दिवशी पाहा. टेबलासमोर उभं राहून हा घोळ सुटत नाही.

## टप्पा २: तारीख रिकाम्या स्लॉटवरून ठरवू नका

शस्त्रक्रियेनंतर गाठ किती उरली हे पाहायचा स्कॅन ४८ ते ७२ तासांच्या आत करतात. त्या वेळी जखमेत ताजं रक्त आणि हवा असते, त्यामुळे डीएससीकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. रेडिएशन संपल्यावर पहिला स्कॅन साधारण ४ आठवड्यांनी होतो. पुढच्या तुलनेसाठी तो पायाचा धरतात. म्हणून घरात लग्न आहे, गाडीचं रिझर्व्हेशन आहे अशा कारणांनी तो आठवडाभर अलीकडे ओढू नका.

रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध एकत्र दिल्यावर पहिल्या ३ महिन्यांत एक फसवं चित्र दिसू शकतं. उजळणारा भाग वाढतो, सूज वाढते, घरच्यांचं धाबं दणाणतं, आणि उपचार न बदलताही काही आठवड्यांत ते आपोआप कमी होतं. डॉक्टर याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. रेडिएशन नेक्रोसिस, म्हणजे रेडिएशननं मेंदूचा भाग मरणं, याहून उशिरा येतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. पर्फ्युजनची सगळ्यांत जास्त मागणी याच दोन वेळी असते. म्हणून रेडिएशन संपल्याची तारीख चिठ्ठीवर हवीच. ती नसेल तर रिपोर्ट लिहिणारा अर्ध्या अंधारात असतो.

औषधांचंही तसंच. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं वाहिन्यांतलं पाझरणं कमी होतं, चित्र शांत दिसतं. स्कॅनच्या आधी दोनच दिवस डोस वाढला किंवा घटला असेल तर मागच्या स्कॅनशी तुलना डळमळते. बेव्हासिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध तर उजळणं फार झपाट्यानं कमी करतं, गाठ तेवढी कमी झाली नसली तरी. कोणतं औषध, किती, कधीपासून, शेवटचा डोस कधी, हे एका कागदावर लिहून आणा.

सावध: स्कॅन चांगला यावा म्हणून स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं डेक्सामेथासोन एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. आम्हाला फक्त डोस माहीत हवा.

जमेल तोवर दर वेळी त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा. १.५ आणि ३ टेस्लावरचे, किंवा दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधून निघालेले आकडे शेजारी ठेवून "वाढलं, घटलं" म्हणणं धोक्याचं असतं. स्वस्तात मिळतोय म्हणून दर खेपेला नवं सेंटर शोधणाऱ्यांचे आठ-नऊ स्कॅन साठतात, पण त्यांतले दोन एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

## टप्पा ३: रक्ताचा रिपोर्ट, शरीरातला धातू, वजन

सीरम क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत हवा. त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळतेय त्याचा आकडा, काढतात. तो ३० च्या खाली असेल तर औषध द्यायचं का, कोणतं द्यायचं, याचा निर्णय रेडिओलॉजिस्ट घेतात. डायलिसिस चालू असेल तर फोनवरच सांगा. पूर्वी एमआरआयच्या औषधानं पुरळ, उलटी किंवा श्वासाचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. सीटीचं औषध आयोडीनचं असतं आणि हे गॅडोलिनियमचं, तरी सीटीच्या वेळचा त्रासही लपवू नका.

धातूच्या प्रश्नांना अंदाजानं उत्तरं देऊ नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, जुन्या शस्त्रक्रियेतली अॅन्युरिझमची (रक्तवाहिनीच्या फुग्यावरची) क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं सांगायचं. पिथमपूरला लेथवर किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांनी शेवटचा प्रश्न विशेष मनावर घ्या. कवटी बंद करायला बसवलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या चालतात. त्यांच्या आजूबाजूला चित्र थोडं बिघडतं एवढंच. शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद आणा, त्यावर काय बसवलंय ते असतं.

डोक्यातलं पाणी काढायला शंट बसवलेला असेल तर तो प्रोग्रॅमेबल आहे का ते कार्डावर पाहा. काही शंटच्या व्हॉल्व्हची सेटिंग चुंबकामुळे बदलू शकते. स्कॅननंतर ती तपासून घ्यायची वेळ न्यूरोसर्जनकडे आधीच ठरवून ठेवा. स्कॅन झाल्यावर फोनाफोनी सुरू करू नका.

वजन त्याच आठवड्यातलं हवं. स्टिरॉइडवर वजन भराभर वाढतं आणि औषधाचा डोस किलोवर ठरतो: दर किलोला ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला गॅडोटेरेट हे गॅडोलिनियमचं औषध १२ मिली लागतं. गॅडोब्युट्रॉल दुप्पट दाट असतं, ते ६ मिलीच. नव्या टेक्निशियनची सर्वांत घातक गफलत इथे होते: बाटली बदलते, पण इंजेक्टरवर मागच्याच औषधाचे मिली राहतात.

## टप्पा ४: स्कॅनची सकाळ

उपाशी राहण्यावरून सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. भूल किंवा झोपेचं औषध द्यायचं असेल तर हलक्या जेवणानंतर ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास जाऊ द्यावे लागतात. लहान मुलांसाठी आणि सारख्या हालचाली होणाऱ्या रुग्णांसाठी हा नियम कडक पाळा. भूल नसेल तर सेंटर सांगेल तेवढंच. मधुमेही माणसाला रात्रीपासून उपाशी ठेवून दुपारी बाराला आणणं, हा अगदी नेहमीचा प्रकार. साखर खाली जाते, घाम फुटतो, स्कॅन अर्ध्यावर सोडावा लागतो.

त्याहून वाईट म्हणजे "उपाशी यायचंय" म्हणून सकाळची फिटची गोळी न देणं. लेव्हेटिरॅसिटॅम असो की दुसरी कोणती, ती वेळेवर, घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच. भूल द्यायची असली तरी भूलतज्ज्ञांना विचारून द्या. गोळी चुकली आणि मशीनमध्ये झटका आला, तर आधी माणूस सांभाळायचा. स्कॅन त्या दिवशी गेलाच समजा.

एएसएल होणार असेल तर येताना कडक चहा-कॉफी टाळा. कॅफीननं मेंदूतला रक्तप्रवाह काही काळ कमी होतो. पोहे-जलेबी स्कॅन झाल्यावर.

दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, नथ आठवणीनं काढतात. राहतात त्या केसांतल्या पिना आणि काढता येणारी कवळी. डोक्याच्या स्कॅनमध्ये, आणि त्यातही डीएससीमध्ये, नेमक्या त्याच नडतात.

जुने स्कॅन सीडीसकट आणा. नुसत्या फिल्मवरून मोजमापं होत नाहीत.

## टप्पा ५: शीर आणि कॅन्युला

या टप्प्यावर थोडा जास्त वेळ घेतो. डीएससी बिघडते ती मशीनमुळे क्वचितच. बहुतेक वेळा ती हातावर बिघडते.

डीएससीसाठी औषध सेकंदाला ४ ते ५ मिली या वेगानं जावं लागतं. लोट आखूड आणि एकसंध असला तर खड्डा खोल पडतो आणि मोजता येतो. हळूहळू दिलं तर औषध रक्तात पसरून पोचतं, आलेख सपाट होतो आणि आकडे खोटे येतात. या वेगासाठी हिरवी कॅन्युला (शिरेत घालायची नळी) म्हणजे १८ नंबर, किंवा निदान गुलाबी म्हणजे २० नंबर हवी. निळी २२ नंबरची सलाईनला चालते, इथे तिच्यावर भरवसा ठेवू नये. पिवळी तर नाहीच.

जागा कोपराच्या खोबणीतली, शक्यतो उजव्या हाताची. उजवीकडून हृदयाचा रस्ता जवळचा आणि सरळ, म्हणून लोट कमी पसरतो. मनगटाच्या किंवा हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत एवढा वेग सोडला तर शीर फुटून औषध मांसात जातं.

वॉर्डातून येणाऱ्या रुग्णाच्या हाताला तीन दिवसांपूर्वीची निळी कॅन्युला असते आणि घरचे म्हणतात, "आहे की सुई, पुन्हा कशाला टोचता?" भावना कळते. पण या कामासाठी नवी घालावी लागते. ज्यांच्या शिरा केमोनं किंवा वारंवार टोचून कडक झाल्या आहेत, त्यांनी आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावं (डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर), हात गरम टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावा आणि अर्धा तास आधी यावं. पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत घातलेली लांब नळी) असेल तर ती जास्त दाबाच्या इंजेक्शनसाठी बनवलेली आहे का, हे तिच्यावर किंवा कार्डावर लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं नसेल तर तिच्यातून प्रेशर इंजेक्टर लावायचा नाही. लाइन फुटू शकते.

शीर खरंच मिळाली नाही तर? तेव्हा रेडिओलॉजिस्टना फोन करून एएसएल किंवा डीसीईवर जाणं शहाणपणाचं. डीसीईला कमी वेग चालतो. बारीक सुईतून हातानं सिरिंज दाबून "केली एकदाची डीएससी" म्हणणं मला पटत नाही. त्यातून रंगीत नकाशे निघतात, दिसायला देखणेही असतात, आणि नेमका त्यातच धोका आहे.

टेक्निशियनसाठी तपासणी, रुग्ण आत जाण्याआधी:

- १० मिली सलाईन जोरात सोडून पाहा. हाताखाली बोट ठेवा. फुगलं, दुखलं, अडलं तर कॅन्युला बदला.
- नळीत हवेचा बुडबुडा नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहा.
- औषधामागून २० ते २५ मिली सलाईन त्याच वेगानं जाईल असं लावा. सलाईन कमी पडली तर औषधाचा शेवटचा भाग हातातच रेंगाळतो.
- कोपर सरळ राहील असा आधार द्या. आत गेल्यावर कोपर वाकला की वेग तुटतो.

## टप्पा ६: मशीनमधला क्रम

घरच्यांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल. टेक्निशियननी क्रम भिंतीवर चिकटवून ठेवावा.

आधी औषधाशिवायची चित्रं: थ्रीडी टी-वन, फ्लेअर, डिफ्युजन, एसडब्ल्यूआय. एसडब्ल्यूआय आधी पाहिलं की जुनं रक्त कुठे आहे ते कळतं, म्हणजे डीएससीतला तिथला काळा भाग पुढे कुणी "रक्तप्रवाह कमी" म्हणून वाचणार नाही. एएसएल करायची असेल तर ती इथेच, औषधाच्या आधी. गॅडोलिनियम रक्तात गेलं की खुणेचा सिग्नल लगेच विरतो, नंतर केलेली एएसएल फुकट जाते. प्रौढ रुग्णासाठी खुणेनंतरचा थांबा २००० मिलिसेकंद ठेवा. मानेच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या वयस्क माणसात रक्त उशिरा पोचतं. त्यांच्यात दिसणारं कमी सगळंच खरं कमी नसतं.

डीसीई असेल तर औषधाआधीचे टी-वन नकाशे विसरू नका. ते नसतील तर केट्रान्सला पाया उरत नाही.

मग डीएससी. औषध गाठीत पाझरलं की आकडा खाली किंवा वर ओढला जातो. त्यावर दोन मान्य उपाय आहेत. पहिला: एक पूर्ण डोस आधी देऊन ठेवायचा, काही मिनिटं थांबायचं, आणि दुसऱ्या पूर्ण डोसावर ६० अंशांच्या फ्लिप अँगलनं डीएससी करायची. दुसरा: आधीचा डोस न देता फ्लिप अँगल ३० अंशांवर आणायचा. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तज्ज्ञांच्या एकमत शिफारशीत दोन्ही आहेत. आपल्याकडे एकच डोस परवडतो, किडनीलाही तोच बरा. तेव्हा मी ३० अंशांच्या बाजूचा. मात्र ६० अंश तसेच ठेवून आधीचा डोस गाळणं, हे दोन्हींतलं काहीच नाही आणि तेच सर्रास दिसतं. टीई १.५ टेस्लावर ४० ते ५०, ३ टेस्लावर २० ते ३५ मिलिसेकंद. टीआर १००० ते १५००.

स्कॅन सुरू करा, औषध नंतर सोडा. औषधाआधीची निदान ३० चित्रं हवीत. दोन्ही बटणं एकदम दाबायची सवय असेल तर मोडा. पायरेषा नसेल तर खड्डा कुठून मोजणार? मालिका एकूण दोन मिनिटं चालू द्या, लोट गेला म्हणून मध्येच थांबवू नका. सिग्नल परत किती वर येतो यातही माहिती असते.

औषध सोडण्याआधी रुग्णाशी बोला. "आजी, आता हाताला गार लागेल, तोंडाला जरा वेगळी चव येईल. डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही, दोन मिनिटं." हे न सांगता इंजेक्टर सुरू केला की दहांतले निम्मे दचकतात, आणि दचकतात ते नेमके लोट मेंदूत पोचायच्या क्षणाला. आजी ऐकायला कमी असतील तर आधी बाहेरच समजावून हाताचा इशारा ठरवून ठेवा.

डीएससीनंतर टी-टू, आणि शेवटी औषधानंतरचा थ्रीडी टी-वन. हा क्रम दर वेळी तोच ठेवा, म्हणजे औषधानंतर टी-वनपर्यंतचा वेळ दर स्कॅनला सारखा राहतो आणि उजळण्याची तुलना करता येते.

तपासा, रुग्ण टेबलावर असतानाच: गाठीवर आणि दुसऱ्या बाजूच्या निरोगी व्हाइट मॅटरवर एकेक वर्तुळ टाका, आलेख बघा. सपाट सुरुवात, एक स्पष्ट खड्डा, मग चढ, असं दिसायला हवं. दोन खड्डे दिसले तर वेग तुटलाय. करवतीसारखा आलेख म्हणजे रुग्ण हललाय. खड्डाच नसेल तर औषध कुठे गेलं ते आधी हातावर पाहा. बिघडली असेल तर तसं टिपणात लिहा आणि रेडिओलॉजिस्टना तेव्हाच कळवा. ताबडतोब दुसरा डोस द्यायचा का, हा निर्णय त्यांचा.

## टप्पा ७: रिपोर्टमधले शब्द

स्कॅननंतर कॅन्युला काढून निदान अर्धा तास सेंटरवरच बसा. पुरळ, खाज, घसा आवळल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा. टोचलेल्या जागी सूज असेल तर हात उंच ठेवा आणि सांगा.

रिपोर्टमध्ये बहुधा "आरसीबीव्ही रेशो" असा आकडा असतो: गाठीतलं रक्ताचं आकारमान, निरोगी बाजूच्या व्हाइट मॅटरच्या (मेंदूच्या आतल्या पांढऱ्या थराच्या) किती पट. घरचे इंटरनेटवरून १.७५ हा आकडा शोधून आणतात; त्याच्या वर म्हणजे वाईट, खाली म्हणजे बरं. हा आकडा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६० ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींपासून होणारी गाठ) रुग्णांच्या अभ्यासातला. गाठ उच्च श्रेणीची (जास्त आक्रमक) की कमी श्रेणीची, एवढंच त्यात पाहिलं होतं. उच्च श्रेणीच्या ९५ टक्के गाठी त्यानं पकडल्या, पण कमी श्रेणीच्या ४० टक्क्यांहून जास्त गाठीही रेषेच्या वर गेल्या. आणि रेडिएशननंतरच्या प्रश्नासाठी तो आकडा बनलेलाच नव्हता.

काही गाठींचा स्वभावच वेगळा. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा कमी श्रेणीचा असूनही भरपूर रक्ताचा असू शकतो. मेनिन्जिओमात, जो बहुधा सौम्य असतो, आकडा फार चढतो. लिम्फोमा घातक, तरी त्यात आकडा ग्लायोब्लास्टोमाएवढा चढत नाही. दुसरीकडून पसरून आलेल्या गाठीभोवतीच्या सुजेत रक्त कमी दिसतं; ग्लायोब्लास्टोमाभोवतीच्या सुजेत गाठीच्या पेशी शिरलेल्या असल्यानं ते जास्त दिसू शकतं. म्हणून एकट्या आकड्यावर घरी बसून निर्णय करू नका. मागच्या स्कॅनपेक्षा वाढला की घटला हे विचारा. "लीकेज करेक्शन" (पाझरलेल्या औषधामुळे आकड्यात येणाऱ्या चुकीची दुरुस्ती) केलंय का, तेही विचारा.

रिपोर्टमध्ये "पर्फ्युजन वाढलेलं नाही" असं असेल आणि गाठ कवटीच्या तळाशी किंवा जुन्या रक्तस्रावाला खेटून असेल, तर त्या वाक्याला वजन किती द्यायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काही वेळा त्याचा अर्थ "दिसलं नाही" एवढाच असतो.

## टप्पा ८: सीडी

आपल्याकडचे बरेच रुग्ण दुसरं मत घ्यायला अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला, टाटा मेमोरियलला जातात. तिथे गेल्यावर सीडीत पर्फ्युजनचे फक्त रंगीत फोटो निघतात, मूळ मालिका नसते. रंगीत फोटोवर कुणालाही पुन्हा मोजता येत नाही. सेंटर सोडण्याआधी काउंटरवर सांगा: सगळ्या मालिका डायकॉममध्ये (स्कॅनच्या चित्रांचा मूळ फॉर्मॅट) हव्यात, डीएससीची मूळ मालिकासुद्धा. ती बरीच मोठी असते, म्हणून काही ठिकाणी जागा वाचवायला गाळतात. पेन ड्राइव्हवर मिळाली तर उत्तम.

सीडी तिथल्याच संगणकावर उघडून दाखवायला सांगा. एका मालिकेत हजाराच्या आसपास किंवा जास्त चित्रं दिसली तर ती बहुधा डीएससीच. नाव आणि वय बरोबर आहे ना ते पाहा. आडनावाचं स्पेलिंग दर स्कॅनला वेगळं असलं की मोठ्या रुग्णालयातल्या संगणकात एकाच माणसाच्या दोन फायली होतात. सेंटरं जुना डेटा कायम ठेवत नाहीत, म्हणून घरच्या संगणकावर एक प्रत करा, फोल्डरला तारखेचं नाव द्या, आणि सोबत त्या दिवशीचा स्टिरॉइडचा डोस लिहिलेल्या कागदाचा फोटोही ठेवा.